बंदूक कुणाच्या हातात?

१९७२ साली मुंबईत आपल्या लोकांनी पँथर हे नाव जिथनं घेतलं, तिथली गोष्ट. अमेरिकेत बंदूक हा १७९१ पासनं घटनेतला हक्क. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड घेऊन हिंडायलाही मनाई नव्हती. मग ओकलंडची काळी पोरं बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागली. झालं! १९६७ साली कायदाच बदलला. सही गव्हर्नर रेगनची. हक्क कातडी बघून दिलेला.

इंग्रजांनी १८७८ साली इथं तेच केलं. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. १९५९ च्या कायद्यात परवाना सगळ्यांनाच लागतो. पण गावात बंदूक कुणाच्या वाड्यात टांगलीय, मी काय सांगू? ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत चक्क लिहिलंय : जिथं अत्याचाराची भीती, तिथं गरज पडल्यास इतरांचे परवाने रद्द करा, दलित-आदिवासींना द्या. आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय हे?

रात्रपाळीला साच्याजवळ उभा राहून विचार करतो, मिळाला परवाना तर घेईन का? (पैसे कुठनं आणणार, ते सोडा.) मारायची इच्छा वेगळी, मारायची गरज वेगळी, असा फरक बाबासाहेबांनी बुद्धाची अहिंसा समजावताना केलाय. ही रेघ मला दिवसा नीट दिसते. रात्री वस्तीवर दगड पडायला लागल्यावर दिसेल का, ते अजून ठरत नाही.