मुक्या प्राण्यास लस : कोणाच्या हितासाठीं ?

एकाच्या रक्षणासाठीं दुसऱ्याच्या शरीरास सुई टोंचणें न्याय्य आहे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु ऑस्ट्रेलियांत तो प्रत्यक्ष व्यवहारांत उभा राहिला आहे. १९९४ सालीं ब्रिस्बेन शहराच्या हेंड्रा नामक उपनगरांत एका तबेल्यांतील घोडे ज्वर व श्वासावरोध होऊन एकामागून एक मेले, आणि त्यांना शर्यतीसाठीं तयार करणारा शिक्षकहि त्याच रोगानें दगावला. या रोगाच्या विषाणूस पुढें त्या उपनगराचेंच नांव मिळालें. फळांवर व फुलांतील मधावर जगणाऱ्या मोठ्या वटवाघुळांच्या अंगांत तो निरुपद्रवीपणें राहतो. त्यांच्या मूत्रादिकांनीं दूषित झालेल्या चाऱ्यापाण्यांतून तो घोड्यास लागतो, आणि आजारी घोड्याच्या स्रावांतून मनुष्यास. आजवर नोंदलेल्या सात रुग्णांपैकीं चार दगावले. त्या चारांत दोघे पशुवैद्य होते.

२०१२ च्या नोव्हेंबरांत घोड्यांसाठीं या रोगाची लस निघाली. मनुष्यांसाठीं मान्य झालेली लस अद्यापि नाहीं. म्हणून घोड्याचें शरीर हीच मनुष्याची तटबंदी होऊन बसली आहे. येथें कोणी विचारील कीं, मुक्या प्राण्याची संमति कोठें घेतली ? परंतु त्याच्या तोंडांत लगाम देतांना व टापांस नाल ठोकतांना ती कोणीं घेतली होती ? शिवाय लागण झालेल्या दर चार घोड्यांतील सुमारें तीन मरतात. तेव्हां ही सुई घोड्याच्याहि हिताची आहे.

खरा पेंच घोड्याच्या धन्याविषयीं आहे. लस वारंवार द्यावी लागते. तिला पैसा पडतो. कांहीं घोड्यांस ती बाधल्याची तक्रार झाली. आणि लस टोंचलेल्या घोड्यास कांहीं देशांत नेण्यास अडचण पडली. रोग तर विरळा. कायद्याची सरसकट सक्ती नसल्यामुळें अनेकांनीं ती टाळली. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि एक गोष्ट त्यांत सुटते. खर्च वांचतो तो धन्याचा. परंतु आजारी घोड्याच्या तोंडांत हात घालतो तो पशुवैद्य किंवा मोतद्दार. स्वतःच्या जिवावर वाटेल तेवढें साहस करण्याची मोकळीक प्रत्येकास असो. दुसऱ्याच्या जिवावर तें करण्याचा अधिकार मालकीहक्कांतून निघत नाहीं.

कित्येक पशुवैद्यांनीं लस न दिलेल्या घोड्यांवर उपचार करण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांना वैद्याच्या धर्माची आठवण देण्यांत आली. त्यांच्या नकारानें वेदना सोसावी लागते ती निरपराध घोड्यास, हें खरें. म्हणून तो नकार निर्मळ आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु दोन सहव्यवसायी गमावलेल्या मनुष्यांस धैर्याचा उपदेश करण्यापूर्वीं धन्यानें आपलें सोपें कर्तव्य केलेलें असावें. आणि लाभ जर सर्वांचा, तर खर्चाचा कांहीं वांटा समाजानेंहि उचलावा, हें ओघानेंच आलें.

लस नसली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण मलेशियाचें आहे. तेथें १९९८-९९ सालीं याच कुळांतील निपा विषाणु डुकरांवाटे मनुष्यांत शिरला. शंभरांवर माणसें मेलीं, आणि सांथ थोपविण्यासाठीं दहा लाखांहून अधिक डुकरें मारावीं लागलीं. आपल्या केरळांतहि २०१८ सालीं निपानें सतरा बळी घेतले. सुईची दया न येणाऱ्यांस निर्दय म्हणणाऱ्यांनीं त्या कत्तलीचा विचार करावा.

वटवाघुळांचाच नाश करा, असेंहि कोणी म्हणतात. परंतु २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, हिंवाळ्यांत रानें फुललीं म्हणजे वटवाघुळें तिकडे जातात व घोड्यांस लागण होत नाहीं. रानें तुटल्यामुळेंच तीं कुरणांकडे येतात. रान तोडणारे आपण, घोडा बांधणारेहि आपण. मग संकटाचा भार त्या दोन मुक्या प्राण्यांवर किंवा त्यांच्या शुश्रूषेस येणाऱ्यावर टाकून मोकळें होणें कोणत्या न्यायांत बसतें, याचा वाचकांनींच निर्णय करावा.