षटक संपल्यावर



२ नोव्हेंबर २०२५ हा रविवार होता आणि मृत भाविकांचा स्मरणदिनही. सकाळी आपण आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण केली आणि संध्याकाळी, खोटे कशाला बोला, सगळेच टीव्हीसमोर बसलो. आम्हीही! नवी मुंबईत पावसामुळे अंतिम सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून प्रथमच विश्वचषक जिंकला.

त्याआधीच्या गुरुवारी मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि सर्वांसमोर रडत प्रभू येशूचे आभार मानले. हे एकटीच्या बळावर जमले नसते, असे ती म्हणाली. स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, हेही तिने लपवले नाही.

जाहिरातीत असे कोणी रडत नाही. रडलेच तर अर्ध्या मिनिटात वस्तू हाती येते आणि हसू फुटते.

क्रिकेट दाखवताना वर्षानुवर्षे मोठमोठे नट आपल्याला वेलची विकत आले आहेत. वेलची! नाव मात्र पानमसाल्याचे. आपल्या गावाच्या नावातच सुपारी आहे. पोफळ विकणारा काही पापी नव्हे. पण एक दाखवून दुसरे विकणे याला काय म्हणावे? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे विचारावे लागत नाही. मागे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही दहा आज्ञा विचारल्या. चार-पाच अडखळत आल्या. वेलचीच्या जाहिरातीचे वाक्य मात्र साऱ्या वर्गाने एका सुरात म्हटले.

“फादर, जाहिराती आम्ही मनावर घेत नाही,” असे मोठी माणसे सांगतात. संत अगस्तीन यांचा मित्र अलिपियस हेच म्हणाला होता. मित्रांनी त्याला रोममध्ये ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायला ओढून नेले. शरीर न्याल, मन नेणार नाही, असे सांगून तो डोळे मिटून बसला. पण कान उघडे होते. गर्दीने आरोळी ठोकली, त्याने डोळे उघडले आणि पुढे तोच इतरांना घेऊन तिथे जाऊ लागला. त्याचा भरवसा स्वतःवर होता, असे अगस्तीन लिहितात.

सामने जरूर पाहा, आम्हीही पाहू. पण षटक संपले की आवाज बंद करा आणि शेजारी बसलेल्या मुलाला विचारा: “बाळा, त्या काकांनी आत्ता तुला काय विकले?”