देवाचा हात लागलेला दगड

बाभुळगावात आमच्या शेजारी एक महानुभाव आजी राहायच्या. त्यांच्या देवघरात मूर्ती नव्हती. एक लाकडी डबी, तिच्यात रेशमी फडकं आणि फडक्यात चार-पाच खडे. पंथात त्यांना ‘विशेष’ म्हणतात. हा कोणता देव, असं मी लहानपणी विचारलं तर आजी म्हणाल्या, “हा देव नोहे बाबू. याले देवाचा हात लागला हाय.”

हे वाक्य पुढे कितीतरी वर्षांनी, ख्रिस्ती जगातल्या चित्रांच्या भांडणाबद्दल वाचताना आठवलं.

ते भांडण मोठं होतं. इ.स. 754 मध्ये हिएरियाच्या धर्मसभेने पवित्र चित्रं त्याज्य ठरवली. 787 मध्ये निकियाच्या सभेने ती परत आणली. चित्राला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो आणि भक्ती मात्र फक्त देवाची, असा निवाडा झाला. पश्चिमेत राजा शार्लमेनच्या दरबारी विद्वानांना तो पटला नाही. त्यांच्यातल्या थिओडल्फने मार्मिक प्रश्न टाकला. दोन सुंदर स्त्रियांची चित्रं आहेत, खाली नाव नाही. एक मेरी, एक व्हीनस. कोणती कोणती, हे कसं ओळखायचं? नाव लिहिलं की एकीला वर चढवतात, दुसरीला फेकून देतात. पण हीच मंडळी संतांच्या अस्थींपुढे मात्र विनम्र. चित्रात कारागिराचं कसब असतं, अस्थींत संत स्वतः.

म्हणजे वाद मूर्ती हवी की नको एवढाच नव्हता. साम्य मोठं की स्पर्श मोठा, असाही होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या अनुयायांनी स्पर्शाचा पक्ष घेतला. (आज त्यांच्या मंदिरांत कृष्णाची मूर्तीही दिसते, ती गोष्ट वेगळी.) त्यांच्या लेखी चक्रधर म्हणजे परमेश्वरच; तो निघून गेल्यावर साधकाला स्थान, प्रसाद, भिक्षुक (संन्यासी) आणि वासनिक (गृहस्थ अनुयायी) यांचा आधार. ज्या जागी तो बसला ते स्थान, त्याने वापरली-दिली ती वस्तू प्रसाद. दगड देवासारखा दिसायची गरजच नाही.

नवव्या शतकात तूरिनचा बिशप क्लॉडियस याने या स्पर्शपक्षाची टर उडवली होती. ख्रिस्त क्रुसावर होता म्हणून क्रूस पूजता, मग तो गाढवावर बसला म्हणून गाढवंही पूजा! महानुभावांना ही कोटी झोंबली नसती. पंथाची ‘स्थानपोथी’ उघडा. स्वामींचं आसन कुठे, आरोगणा (जेवण) कुठे, पहुड (झोप) कुठे, एवढंच नव्हे तर परिश्रय, म्हणजे लघवीला बसले ती जागाही, दिशेसकट नोंदलेली आहे. गाढव कुठे उभं होतं ते सांगा, तिथे ओटा बांधू, हाच त्यांचा जबाब असता.

इथेच स्पर्शपक्षाची खरी गोम आहे. मूर्ती कुणीही घडवावी, ती पाहिली की निदान अंदाज तरी येतो. खडा ओळखू येत नाही. बेंबळा नदीच्या पात्रात तसले गाडाभर सापडतील. स्पर्शाला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार मरतो. फ्रान्समधल्या सांस आणि शेल इथल्या अवशेषांना सातव्या-आठव्या शतकातल्या चर्मपत्राच्या बारीक चिठ्ठ्या बांधलेल्या सापडल्या आहेत. हा अमक्या संताचा, इतकंच लिहिलेलं. थिओडल्फने चित्रात जी खोट काढली तीच अस्थीतही होती, हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे ती चिठ्ठी फार लांब झाली. तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांचे शिष्य म्हाइंभट त्यांच्या आठवणी गोळा करत फिरले, कुणी काय पाहिलं, कुठे पाहिलं ते विचारून ‘लीळाचरित्र’ रचलं. मराठी गद्याचा आरंभ आपण भाषाभिमानाने सांगतो. मला त्यात धास्तीही दिसते: पाहणारे संपले तर ओटा नुसता ओटा उरेल.

आजींकडे चिठ्ठ्या नव्हत्या. रिद्धपूरचा कोणता, माहूरचा कोणता, सगळं तोंडपाठ. त्या गेल्यावर तेराव्याच्या आसपास त्यांच्या मुलाने डबी माझ्यापुढे उघडली. खडे एकाच रंगाचे, गुळगुळीत.

“तुम्ही लय ऐकत होते नं बुढीचं,” तो म्हणाला. “यातला रिद्धपूरचा कोणता?”