विचारण्याचा अधिकार

'अधिकार' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच दूरचे आहेत. एक अधिकार हुकमाने मिळतो. बदलीचा कागद आला की तो खुर्चीबरोबर मागे राहतो. दुसरा साधनेने येतो. 'ते अधिकारी पुरुष होते' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांची वेतनश्रेणी आपल्या मनात नसते. परप्रांती नोकरीत ज्यांची उमर चालली आहे अशा आपल्यासारख्यांस पहिल्या अधिकाराचा परिचय रोजचाच. दुसऱ्याचा विचार करण्याचा प्रसंग क्वचित येतो. आम्हांला तो एका अनपेक्षित ठिकाणी आला: इंग्लंडमधील मेथडिस्ट पंथाच्या लहान लहान 'वर्गां'चा इतिहास वाचताना.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचा दीक्षित धर्मोपदेशक. त्याच्या अनुयायांनी ब्रिस्टल येथे सभागृह बांधले आणि त्याचे कर्ज डोक्यावर बसले. फेब्रुवारी १७४२ मध्ये ते फेडण्याचा विचार चालला असता, प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी, अशी सूचना पुढे आली. गरिबांस तेवढेही झेपणार नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सांगितले, की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवावेत. मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन आणि ज्यास काहीच देता येणार नाही, त्याचे मी भरीन. अशा रीतीने बाराबारांचे वर्ग पडले आणि प्रत्येक वर्गास एक प्रमुख मिळाला.

प्रमुख गेले वसुलीस; पण दार उघडल्यावर त्यांस घर दिसले. कोठे नवराबायकोचे भांडण, कोठे दारू. हे वेस्लीच्या कानी आले, तेव्हा आपण ज्याच्या शोधात होतो ते हेच, असे त्याने ओळखले. घरोघर जाणे पुढे अडचणीचे ठरले. प्रमुखांस वेळ पुरेना. दुसऱ्याच्या घरी चाकरीस असणाऱ्यांस मालक भेटू देईनात. कोणी कोणाविषयी तक्रार केली, तर तिचा निवाडा समोरासमोर झाल्यावाचून होईना. म्हणून बाराही जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले. १७४३ मध्ये वेस्लीने नियम छापले. प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस करणे, उपदेश करणे, प्रसंगी कानउघाडणी करणे, धीर देणे आणि गरिबांसाठी जे मिळेल ते गोळा करणे, ही प्रमुखाची कामे. शिवाय आजारी कोण आहे आणि बेताल वागून वर सांगितलेले न ऐकणारा कोण आहे, हे त्याने धर्मोपदेशकास कळवावयाचे.

नैतिक पेच नेमका येथे आहे. विश्वासाने सांगितलेले ऐकावयाचे, आणि ऐकणाऱ्यानेच वर कळवावयाचे! न कळवावे, तर ज्या बायकोच्या घरी रोज मारहाण होते तिचे गाऱ्हाणे प्रमुखाच्या भिडेपोटी दडपले जाते. कळवावे, तर पुढल्या आठवड्यापासून कोणी तोंड उघडणार नाही. बारा माणसे बसतील, प्रत्येक जण आपले कसे उत्तम चालले आहे ते सांगेल आणि घरी जाईल. हाताखालच्या माणसाने संध्याकाळी येऊन आपल्या घरची अडचण सांगितली, आणि वर्षअखेर त्याच्या कामाचा अहवाल आपल्यालाच लिहावा लागला, हा अनुभव आपल्यांपैकी पुष्कळांस असेल. त्यांना हा पेच परका वाटणार नाही.

नियमाची शब्दयोजना बारकाईने पाहिली, तर तीत एक भेद केलेला आढळतो. चुकलेल्या प्रत्येकाचे नाव कळवावयाचे नाही. चुकून, सांगितल्यावरही जो ऐकत नाही त्याचे कळवावयाचे. म्हणजे टाकून देण्यासाठी जे बोलून दाखविले, ते वर्गातच राहते. हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो, तरी पुरेसा वाटत नाही. कारण दुसऱ्याचा हट्ट कोणता आणि आपला अहंकार कोणता, हे अखेर प्रमुखच ठरविणार.

या प्रमुखांवर त्या काळीही टीका झाली. ती अशी, की या कामास लागणारी योग्यता त्यांच्या अंगी नाही. ते बहुधा साधी कामकरी माणसे होती आणि त्यांत स्त्रियाही होत्या. वेस्लीचे म्हणणे असे, की जसे आहेत तसे त्यांच्या हातून काम होत आहे. एखादा अगदीच अपुरा पडत असेल तर सांगावे, बदलू. आम्हांलाही उणीव विद्वत्तेची वाटत नाही. ज्याला कोणी विचारीत नाही अशाने सर्वांना विचारावे, धोका येथे आहे.

त्यावरचा उपाय याच परंपरेत सापडतो. वर्गांच्या आधीपासून वेस्लीचे आणखी लहान गट होते. त्यांचे नियम १७३८ चे. त्यांत एक नियम असा, की कोणी तरी एकाने प्रथम स्वतःची स्थिती सांगावी आणि मगच क्रमाने इतरांस विचारावे. ज्याला दुसऱ्याच्या मनात उतरावयाचे आहे, त्याने आपले दार आधी उघडावे. फॉयने हीच गोष्ट पैशांच्या बाबतीत केली होती. दुसऱ्याची पेनी स्वतः भरण्यास जो तयार आहे, त्याने दार ठोठावले तर ते अपमानाचे वाटत नाही.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ मध्ये ते गेले. दरबारास फार काळ मिळाला नाही. पण लोकांस जवळ बोलाविण्यापूर्वी त्यांनी आपला पगार सोडला, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

मेथडिस्टांच्या वर्गांचा जोम एकोणिसाव्या शतकात ओसरत गेला. उपस्थिती लागे, बोलणे आटले. असे का व्हावे, याचे उत्तर एकच नसेल. परंतु जेथे प्रमुख केवळ नोंद ठेवणारा उरतो, तेथे दुसरे काय होणार? आपल्या कचेरीत आणि आपल्या मंडळांतही हाजिरीपत्रक पुष्कळदा भरलेले असते. ते पाहून समाधान मानण्यापूर्वी, या माणसांना विचारण्याआधी आपण स्वतःविषयी त्यांना काय सांगितले आहे, एवढे तरी आपण आठवून पाहावे.