परधानाच्या गाण्याचा धनी

आदिलाबादच्या राजगोंडांत देवकथा गाण्याचा हक्क परधानांचा. प्रत्येक परधान घराणे ठरावीक गोंड कुळांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले असते. पेर्सापेनाची, म्हणजे कुळदेवाची पूजा असो की मर्तिकाचा विधी, यजमानाच्या कुळाची कथा गायची ती परधानानेच. मोबदल्यात धान्य, कापड, प्रसंगी जनावर मिळते. ते मागणे हक्काचे असते, त्याला भीक म्हणत नाहीत. गंमत अशी, की हे परधान घरी बहुतांशी मराठी बोलतात आणि देवापुढे किकरी या तीन तारांच्या वाद्यावर गोंडीत गातात.

या कथेचा कर्ता कोण, हा प्रश्न परंपरेला पडत नाही. कुळांची आणि देवांची व्यवस्था गोंडांचा पुराणपुरुष पहांदी कुपार लिंगल याने लावून दिली, अशी श्रद्धा आहे. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले, तेव्हा त्यांनीही कर्ता वगळूनच प्रामाण्य राखले. संतांच्या अभंगात शेवटी नाममुद्रा असते, पण ती मालकीची निशाणी नव्हे. अभंग कोणीही गावा. परधानाची कथा या दोहोंहून वेगळी पडते. तिला कर्ता नाही, तरी ती कोणीही गावी अशी मोकळीही नाही. शिवाय हा गाण्याचा हक्क कर्तव्याला जोडलेला आहे. यजमानाने बोलावले की गायलाच हवे.

कॉपीराइटचा कायदा नेमका कर्त्यापासून सुरू होतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबाद भागात राहून गोंडांच्या कथा टिपल्या. १९४८ साली त्यांचा ग्रंथ निघाला. ते १९९५ साली वारले, म्हणजे त्यांच्या शब्दरचनेवरचा हक्क २०५५ अखेरपर्यंत चालेल. कथा सांगणाऱ्यांच्या वाट्याला या हिशेबात काहीच येत नाही. यात लबाडी कोणाचीच नाही, कायद्याची रचनाच तशी आहे.

१९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना सादरकर्त्याचा हक्क दिला. २०१२ मध्ये तो आणखी भक्कम झाला. त्याची मुदत ५० वर्षे. म्हणजे एखाद्या परधानाचे गाणे परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करता येत नाही. पण जी कथा तो स्वतःची मानत नाही, तिच्या ध्वनिमुद्रणाची परवानगी त्याने एकट्याने द्यावी का? कायद्याच्या लेखी द्यावी. कुळाच्या लेखी मात्र यजमानाशिवाय ते गाणेच अपुरे आहे.

मग हक्क समाजाला द्यावा, असे सुचवले जाते. त्यासाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची पारंपरिक ज्ञान व लोककलांविषयीची समिती २००० साली नेमली गेली. मे २०२४ मध्ये जनुकीय संपत्ती व तत्संबंधी पारंपरिक ज्ञानाचा करार झाला, पण लोककलांचा नाही. ‘आदिलाबाद डोकरा’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते पितळी वस्तूंपुरते. गाण्याच्या बाबतीत ‘समाज’ म्हणताच पेच वाढतो. कथा गोंडाच्या कुळाची आहे, कंठ परधानाचा. आणि दोघेही वेगळ्या जमाती म्हणून ओळखले जातात.