लिंक कुणाच्या फोनवर उघडणार?

संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर लिंक येते. खाली एक ओळ असते, ‘व्हिडिओ पाहून स्वाध्याय उद्या आणणे.’ शिक्षकांच्या बाजूने गृहपाठ देऊन झालेला असतो. मुलाच्या बाजूने तो सुरूही झालेला नसतो, कारण फोन वडिलांच्या खिशात आणि वडील रात्रपाळीला. कधी फोन घरीच असतो, पण त्यावर पहिला हक्क दहावीतल्या दादाचा. कधी रिचार्ज संपलेला असतो आणि आईची मजुरी शनिवारी मिळणार असते. दुसऱ्या दिवशी बाई विचारतात, ‘कुणी कुणी पाहिला?’ काही हात वर येत नाहीत. त्या हातांविषयी आज लिहायचे आहे.

शालेय शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. हा आकडा तेव्हा बराच गाजला. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मात्र कुणी फारसा उच्चारला नाही. ज्यांच्या घरी फोन होता, त्यांच्यातल्याही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. आज घरोघरी फोन वाढले असतील, पण घरातला फोन आधी कुणाचा आणि शेवटी कुणाचा, हा क्रम सहसा बदलत नाही. त्या क्रमात धाकटी मुलगी कुठे असते, हे आपल्या घराकडे पाहिले तरी कळते.

डिजिटल साधने वर्गात यावीत की नकोत, या वादात मला रस उरलेला नाही. ती यायलाच हवीत. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलीला धडधडणारे हृदय आतून कसे दिसते हे बघायला मिळत असेल, तर ते अडवणारे आपण कोण? माझा आग्रह एवढाच आहे की पाठाची आखणी करताना सर्वांत आधी फोन नसलेले मूल डोळ्यांसमोर असावे. नंतर त्याच्यासाठी सवलत काढू, अशा हिशेबाने केलेली आखणी अन्यायाचीच असते, मग हेतू कितीही चांगला असो.

या बाबतीत सोलापूर जिल्ह्याने दोन अगदी निराळ्या वाटा दाखवल्या. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड आणले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ उघडे. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाटून देण्याची ती बातमी आपण सर्वांनी वाचली. मला मात्र कोडची जागा अधिक महत्त्वाची वाटते. कोड पुस्तकावर आहे आणि पुस्तक प्रत्येक दप्तरात आहे. गुरुजींच्या एका फोनवर तो उघडला तरी सगळा वर्ग भोवती बसून ऐकू शकतो. म्हणजे कुणाच्या घरी काय आहे, याची चौकशी शिकण्याच्या आड येत नाही.

दुसरी वाट सोलापूर शहरातल्या नीलमनगरची. ही कामगारांची वस्ती. करोनात शाळा बंद झाल्या, ऑनलाइन तास सुरू झाले आणि बऱ्याच मुलांकडे फोन नाही हे लक्षात आले. तेव्हा तिथल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. अक्षरे, शब्द, आकडे, सूत्रे. मुले गल्लीतून जाता-येता, अंतर राखून उभी राहून वाचत. एकीकडे क्यूआर कोड, दुसरीकडे रंगाचा डबा. साधनांत केवढे अंतर, पण दोन्हीकडच्या शिक्षकांनी सुरुवात मुलापासून केली. त्याच काळात, २० जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका दाखवली गेली, तीही याच विचाराने. फोन नसला तरी दूरदर्शन दिसते अशी घरे होती, आणि त्यांचा विचार कुणीतरी केला होता.

आणि त्याच वर्षी सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी घरी रेंज नाही म्हणून भावांनी डोंगरावर बांधून दिलेल्या झोपडीत बसून, भर पावसात ऑनलाइन तास करत होती. आपण तिच्या जिद्दीचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण जिद्दीचे कौतुक करताना व्यवस्थेला मोकळे सोडायचे नसते. जिला भाऊ झोपडी बांधून देऊ शकले नाहीत, जिला एकटीला डोंगरावर पाठवायला घर धजले नाही, अशी मुलगी बातमीत येत नाही. ती नुसती मागे पडते.

वर्गातल्या पडद्याबद्दलही थोडे बोलायला हवे. ज्वालामुखी वर्गात आणता येत नाही, तो पडद्यावर दाखवावा. मटकीला मोड मात्र ओल्या फडक्यातच आणावेत. रात्री फडके पुन्हा ओले करायला विसरलो तर काय होते, हे मुलाला कोणताही व्हिडिओ शिकवणार नाही. तरीही मोडांचा व्हिडिओ लावला जातो, आणि त्याचे कारण शिक्षकांचा आळस हे नव्हे. व्हिडिओ सुरू असतो तेवढ्या वेळात त्यांना पोषण आहाराची नोंद करायची असते, यू-डायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरायची असते, कुठल्या तरी उपक्रमाचे फोटो अपलोड करायचे असतात. डिजिटल साधने शिकवण्याला मदत म्हणून आली आणि अहवालांनी शिक्षकांचा वेळ खाल्ला, ही तक्रार शिक्षकांनी कितीदा तरी केली आहे. ती खरी आहे, आणि ती वरिष्ठांनी ऐकायची आहे.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट बोलावा. उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणून मुलांचे चेहरे रोज किती गटांवर जातात? अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ ‘प्रगती’ म्हणून फिरतो, आणि उद्या तोच त्याच्या सवंगड्यांच्या हाती पडतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती ही सर्वसाधारण अट आहे. कायद्याच्या सवलती कुणाला आणि किती, हे वकील पाहतील. मुलाला विचारल्याशिवाय त्याचे अडखळणे जगासमोर मांडू नये, हे कळायला कायदा लागू नये.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. बहुतेक बैठकांत या पालकांसमोर सह्यांसाठी वही येते. पुढच्या बैठकीत त्यांनी काही प्रश्न विचारावेत, असे मला मनापासून वाटते. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही किंवा टॅब कुलपात आहे की वापरात? शाळेचे वीजबिल थकले आहे का, आणि ते कोण भरणार? शाळा सुटल्यावर तासभर एक खोली उघडी ठेवली, तर घरी फोन नसलेल्या मुलांना दिलेला व्हिडिओ तिथेच पाहता येईल का? त्या तासाला थांबायला गावातले कोण तयार आहे? आणि ही सोय होईपर्यंत जे घरच्या फोनवरच उघडते, त्यावर गुण देणे थांबवता येईल का? यातला शेवटचा प्रश्न बिनखर्चाचा आहे. त्यावरचा निर्णय त्याच दिवशी वहीत लिहिता येईल.