मळ कुणाचा?

पावसाळा सरला की मी माझा माउस उघडते. चौदा वर्षांचा आहे. वाराणसीत उन्हाळ्याच्या लूबरोबर गंगेकाठची बारीक वाळू खिडकीतून येते आणि पावसाळ्यातला हाताचा घाम तिला चिकटवून ठेवतो. तार काढायची, तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले स्क्रू सोडवायचे, चाकाच्या दांडीला गुंडाळलेले केस चिमट्याने ओढायचे, भिंगावरची धूळ अल्कोहोल लावलेल्या कापसाने टिपायची. अर्ध्या तासाचे काम.

नवा माउस तीन-चारशे रुपयांत मिळतो. मग हा खटाटोप कशाला? काटकसर, हे उत्तर पूर्वी मला पुरत असे. पण आतून निघणारा मळ बराचसा माझाच असतो: माझी त्वचा, माझा घाम, माझे केस. तो साफ करण्याऐवजी माउसच फेकला, तर भंगारातले तांबे आणि प्लास्टिक उघड्या हातांनी वेगळे करणाऱ्या कुणाकडे तरी माझे काम जाते.

मात्र सफाईलाही हद्द असते. एकदा क्लिक दुबार पडू लागला. बटणाखालच्या स्विचमध्ये धातूची पातळ पत्ती असते. तिचा स्पर्शबिंदू झिजला किंवा काळवंडला की एका दाबाचे दोन होतात. मी पुसून थांबले नाही. ताण वाढावा म्हणून पत्ती वाकवली, ती तुटली आणि स्विचच बदलावा लागला. त्याच सुमारास एका वृद्ध लेखकांनी माझ्या अनुवादातल्या एका वाक्यावर बोट ठेवले. म्हणाले, “सुंदर आहे, पण माझं नाही.” त्यांचे अडखळणे मी मळ समजून पुसले होते.

याच शहरात एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, भागवतावरची टीका पूर्ण केली. पुढे अकरा वर्षांनी त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्यात अपपाठ शिरले होते. ते कुणा वैऱ्याने घातले नव्हते. तिला उराशी धरून वाचणाऱ्या, उतरवून घेणाऱ्या हातांतूनच ते आले होते. एकनाथ स्वतः समर्थ कवी. तरी पुढे तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी बजावले.

मळ कोणता आणि वस्तूचे अंग कोणते, हे ठरवणारा हात मळवणाराच असतो, ही खरी अडचण. म्हणून मी आता सावकाश पुसते. डाव्या बटणावर माझ्या बोटाने खळगा पडला आहे. तो मळ नव्हे, तसाच राहू देते. त्या लेखकांचे वाक्य मात्र दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा अडखळते केले. वाचताना आजही मला ते खुपते.